नुसत्या फुलाच्या फोटोनं ओळख पटत नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पावसाळी ट्रेकमध्ये रानफुलांचे फोटो कसे काढावेत हा लेख वाचला, माहिती चांगली आहे, पण सगळा भर फुलाच्या क्लोजअपवर दिलाय ते काही पटलं नाही. आता कवळ्याचंच घ्या, ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात, सह्याद्रीत त्याच्या बऱ्याच जाती आहेत आणि समोरून फोटो काढला तर पटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत, जात ठरवायला फुलामागची हिरवी निदलं, त्यांच्यावरच्या शिरा आणि लव बघावी लागते, म्हणजे साइडनं एक फोटो हवाच आणि एक अख्ख्या झाडाचा पण. कारवी तर साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, मग मधली सात वर्षं तिच्याकडे बघायचंच नाही का? तिची खरखरीत, दातेरी कडांची पानं समोरासमोर येतात, दांडे सरळसोट, ह्याच दांड्यांचा कूड करून घाटातली घरं उभी राहायची. तरी लोक कारवीच्या रानातून तासभर चालतात आणि वर पोचल्यावर विचारतात, कारवी कुठे दिसेल हो? (खरंच ऐकलंय!) एकाच फुलाचे दहा फोटो मोबाईलमध्ये पडून असतात, त्यातले दोन पानाचे आणि खोडाचे काढले तर ओळखून देणाऱ्याच्या हाती काहीतरी लागेल. आणि त्यासाठी झाड उपटायची गरज नाही, खाली बसलं की सगळं दिसतं. पानांवरही एक लेख छापा ही विनंती.

– एक वाचक, नाशिक