ऐकलेले भाषण आणि वाचलेले भाषण

एडिसन, न्यू जर्सी
2 फेब्रुवारी 2008

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेल मिळाला. साउथ कॅरोलायनातील विजयानंतरचे बराक ओबामांचे भाषण पुण्यात टीव्हीवर पाहताना तुला भरून आले, आणि आता तुझे मत कोणाला हे विचारण्याचेही कारण उरले नाही, असे तू लिहिलेस. नागरिकत्व मिळाल्यानंतरची ही माझी पहिलीच अध्यक्षीय प्रायमरी, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, आहे. एरवी न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये, निकाल लागून गेल्यावर येत असे. यंदा ती 5 फेब्रुवारीला, वीसहून अधिक राज्यांबरोबर आली आहे आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे 107 प्रतिनिधी आमच्याकडून निवडले जायचे आहेत. म्हणून हे मत मला घाईने द्यायचे नाही, आणि माझे मन तुझ्या मनापेक्षा वेगळे का चालले आहे ते तुला सविस्तर सांगायचे आहे.

ते भाषण मी त्या रात्री ऐकले तेव्हा माझीही अवस्था तुझ्यासारखीच झाली होती. दुसऱ्या दिवशी मी तेच भाषण पेन्सिल हातात घेऊन वाचले, आणि निवडून आल्यावर हा माणूस नेमके काय करील हे सांगणाऱ्या वाक्यांखाली रेघा ओढल्या. रेघा थोड्याच पडल्या. एवढ्यावरून ते भाषण पोकळ होते असे मी म्हणणार नाही, कारण विजयाच्या सभेत कोणी अंदाजपत्रक वाचून दाखवत नाही. पण रात्री ऐकणारी मी आणि सकाळी वाचणारी मी यांच्यात पडलेले अंतर मला अस्वस्थ करून गेले.

1977 च्या मार्चमध्ये आपण दोघींनी दिलेले पहिले मत आठव. पुण्यातून मोहन धारिया उभे होते. ते अनुभवी गृहस्थ होते, पण आपण त्यांच्या कामाची चौकशी कुठे केली होती? सभांमधून जी हवा अंगात भरली होती तिच्या जोरावर आपण शिक्का मारला. आणीबाणी संपायलाच हवी होती, त्यामुळे ते मत मी आजही तसेच देईन. तरी अडीच वर्षांच्या आत, 1979 च्या जुलैत, जनता पक्षाचे ते सरकार आपसांतल्या भांडणांनी कोसळले तेव्हा तू माझ्या खोलीवर येऊन रडली होतीस. ते रडणे मी विसरले नाही.

आता इथले सांगते. तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी बुधवारी माघार घेतल्यापासून सामना ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात उरला आहे, आणि सगळीकडे त्याची मांडणी एकच चालते: एकाकडे मोहिनी, दुसरीकडे भरीवपणा. खुद्द क्लिंटनबाईंनीही प्रचार काव्यात करायचा असतो आणि राज्य गद्यात चालवायचे असते, हे न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर मारिओ क्वोमो यांचे वचन न्यू हॅम्पशायरमध्ये वापरले. मला ही मांडणी अपुरी वाटते, कारण दोघांचे जुने काम पाहू लागले की ती टिकत नाही.

ओबामा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते तेव्हाचे त्यांचे एक काम बघ. खुनाच्या खटल्यांत पोलिसांनी आरोपीच्या जबानीचे चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण केलेच पाहिजे, असा कायदा तिथे 2003 मध्ये झाला. त्या राज्यात फाशीची शिक्षा झालेली तेरा माणसे पुढे निर्दोष ठरली होती, म्हणून त्याची गरज होती. पण सुरुवातीला पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा विरोध होता. ओबामांनी विरोधकांना एकेक करून बरोबर घेतले, आणि राज्याच्या सिनेटमध्ये विधेयक एकमताने मंजूर झाले. ही मोहिनी नाही का? आणि हा भरीवपणाही नाही का? उलट, क्लिंटनबाईंची 1993 ची आरोग्ययोजना तेराशेंहून अधिक पानांची होती, त्या पानांत अभ्यास काठोकाठ होता, आणि तरीही ती दोन्हींपैकी एकाही सभागृहात मतदानापर्यंत पोहोचली नाही. ती बंद दाराआड तयार झाली आणि लोकांना ती आपली कधी वाटलीच नाही.

त्यामुळे मी मोजमाप बदलले. कोण गोड बोलतो आणि कोण कोरडे, हे सोडून देऊन मी असे विचारते आहे की ऐकणाऱ्याला न आवडणारी गोष्ट कोणी, कधी आणि किती किंमत मोजून सांगितली.

या मोजमापाने ओबामांची बाजू एका ठिकाणी फार जड होते. 2 ऑक्टोबर 2002 रोजी शिकागोच्या सभेत त्यांनी इराकवरच्या युद्धाला उघड विरोध केला. त्याच महिन्यात क्लिंटनबाईंनी सिनेटमध्ये अध्यक्ष बुश यांना त्या युद्धाचा अधिकार देण्याच्या बाजूने मत दिले. परवाच्या लॉस एंजेलिसच्या वादसभेत त्यांनी त्या मताचे लांबलचक स्पष्टीकरण केले, आणि मला ते पटले नाही. जवळपास चार हजार अमेरिकी सैनिक आणि इराकमधली मोजदाद नसलेली माणसे गेल्यानंतर त्या मताला नुसती चूक म्हणायलाही जीभ वळत नाही.

दुसऱ्या ठिकाणी मात्र पारडे उलटे फिरते, आणि ते ठिकाण माझ्या रोजच्या कामाचे आहे. तुला ठाऊक आहे, मी औषधांच्या काउंटरवर उभी असते. किंमत ऐकून पाकीट परत सरकवणारी माणसे मी दर आठवड्याला पाहते. दोन महिन्यांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी मला हळूच सांगितले की रक्तदाबाची गोळी ते अर्धी करून घेतात, म्हणजे महिन्याची दोन महिने पुरते. या देशात विमा नसलेली सुमारे 4 कोटी 70 लाख माणसे आहेत. क्लिंटनबाई म्हणतात, प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे आणि ज्याला परवडत नाही त्याला सरकारने मदत करावी. ओबामा ही सक्ती फक्त मुलांपुरती ठेवतात, कारण लोक विम्यावाचून आहेत ते महागाईमुळे, सक्ती नाही म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. ऐकायला ते फार बरे वाटते. पण धडधाकट माणसाने हप्ता भरला नाही आणि आजारी पडल्यावर विमा घेतला, तर हप्ते चढतात आणि माझ्या काउंटरवरचे गृहस्थ आणखी मागे ढकलले जातात. भिशीत सगळ्यांनी दरमहा पैसे टाकले तरच ज्याची पाळी त्याला रक्कम मिळते, हे तुला-मला समजावून सांगावे लागत नाही. मला दुःख याचे होते की हे कटू सत्य लोकांच्या गळी उतरवण्याची ताकद ज्या माणसाकडे सर्वांत जास्त आहे, त्यानेच ते सांगायचे टाळले.

न्यू हॅम्पशायरच्या मतदानाआधी क्लिंटनबाई म्हणाल्या होत्या की मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्वप्नाला 1964 च्या नागरी हक्क कायद्याने रूप आले, आणि त्यासाठी जॉन्सन यांच्यासारखा अध्यक्ष लागला. त्यावर फार गदारोळ झाला, आणि तो मला समजतो, कारण किंग आणि त्यांच्याबरोबर लाठ्या खाणारे लोक नसते तर जॉन्सन यांच्यापुढे ते विधेयक आलेच नसते. तरीही सिनेटमध्ये विरोधकांनी लांबवलेली चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणण्यासाठी 71 मते गोळा झाली, ती नुसत्या भाषणाने झाली नसती. मात्र लगेच हेही आठवते की तेच जॉन्सन पुढच्या वर्षी व्हिएतनामच्या युद्धात खोल उतरले. काम करवून घेण्याची हातोटी युद्धालाही तितकीच उपयोगी पडते. इथे पुन्हा 2002 चे ते मत माझ्यासमोर उभे राहते, आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

आज रात्रीपर्यंत माझा कल क्लिंटनबाईंकडे आहे. ओबामांबद्दल माझ्या मनात अढी नाही. उमेदवारी त्यांना मिळाली तर नोव्हेंबरमध्ये मी त्यांच्यासाठी दारोदार फिरेन. पण मंगळवारी मला अर्ध्या गोळीवर जगणाऱ्या माणसाच्या बाजूने मत द्यायचे आहे, आणि त्याच्याविषयी अधिक अवघड वाक्य क्लिंटनबाईंनी उच्चारले आहे.

मतदान सकाळी सहाला सुरू होते आणि माझी कामाची पाळी नऊला, म्हणून मी पहाटेच जाणार आहे. हे वाचून तुला अजूनही मी चुकते आहे असे वाटत असेल, विशेषतः युद्धाच्या बाबतीत, तर सोमवारी तुझ्या सकाळी मला फोन कर. इथे तेव्हा रविवारची रात्र असेल आणि मी जागी असेन.

तुझीच