तेरची डॉक्युमेंट्री आणि बाबांचा डबा

प्रिय आई-बाबा,

फोनवर निवांत बोलणं होत नाही म्हणून लिहितेय. आपल्या तेर गावावरची डॉक्युमेंट्री एकदाची पूर्ण झाली, आणि परवा रात्री ती पहिल्यांदा सलग बघताना मला रडूच आलं, कारण बाबा, सुरुवातच तुमच्या हातांनी होते. पाऊस उघडलाय, तुम्ही पांढरीवर, त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उकिडवे बसलाय, नखानं ओल्या मातीतून एक निळा मणी काढता, सदऱ्याला पुसता आणि उन्हात धरून बघता, बस एवढंच.

लहानपणी मला वाटायचं पाऊस पडला की सगळ्याच गावांत मणी वर येतात! पेरिप्लस म्हणून पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक आहे ना, त्यात आपलं गाव 'तगर' म्हणून आलंय, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि इथलं साधं कापड, मलमल सगळं गाड्यांत भरून आडरानातून पार गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. आपल्या म्युझियममधली हस्तिदंती बाहुली आठवते ना आई, तू मला कडेवर घेऊन दाखवायचीस ती? तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडलीये, जे शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं.

एक गोष्ट मात्र शूटिंगमध्ये फार लागली. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली, आपल्या आजोबांनीही नेली, मी कुणाला दोष देत नाही, पीक यायला हवं होतं, पण मातीबरोबर काय काय गेलं असेल. रामलिंगप्पा लामतुरेंनी लोकांना सापडलेलं एकेक वर्षानुवर्षं जपलं म्हणून आज दाखवायला काहीतरी आहे.

शेवट त्रिविक्रम मंदिरापाशी होतो. शाळेतली एक पोरगी बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतेय की हे विटांचं बांधकाम आधी बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह होतं असं अभ्यासक मानतात, छत बघा कसं हत्तीच्या पाठीसारखं आहे, आणि हे ती इतकं घडाघडा सांगते की मला वाटलं आता गावाची काळजी नको.

बाबा, आता मुद्द्याचं. तुमचा तो बिस्किटाचा डबा म्युझियमला द्यायचा का? पण नुसते मणी नका देऊ. कुठला कुठे सापडला, नदीकडं, टेकडीवर की आपल्या बांधावर, हे तुम्हाला अजून लख्ख आठवतं, ते आईकडून वहीत लिहून घ्या, कारण जागा माहीत नसली तर अभ्यासाला निम्मा उपयोग जातो. घाई करतेय म्हणून रागावू नका.

चैत्रात गोरोबा काकांच्या यात्रेला येतेच आहे, तेव्हा पडदा लावून गावाला फिल्म दाखवू. तोवर निसरड्यात एकटे पांढरीवर जाऊ नका. आई, गुडघ्याचं तेल कुरिअर केलंय, मिळालं की सांग.

तुमची,
मनू