वास सामाईक भिंतीपलीकडे जाऊ नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅनडाहून परतलेल्या एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. तिकडे गल्लोगल्ली गांजाचा वास येतो आणि कायद्यानेच मुभा दिल्यावर कोण काय करणार, असा त्यांचा सूर होता. वासाचे खरे आहे. काही करता येत नाही हे मात्र मला मान्य नाही, कारण मी करून पाहिले आहे.

मी पिंपरीत 34 वर्षे टूलरूम फिटर होतो. आता लेकीकडे, ओंटारिओतल्या किचनरला असतो. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. ओंटारिओत 19 वर्षे पूर्ण झालेल्याला तो घरी लावता येतो. एका घरात चार झाडे, मग माणसे कितीही असोत. (शेजारच्या क्युबेकमध्ये मात्र घरी एकही लावता येत नाही.) जावयांनी परसात चार झाडे लावली. मला ती नको होती, आजही नकोत, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण घर त्यांचे आहे.

सप्टेंबरअखेर झाडे कापून गॅरेजमध्ये दोरीवर टांगली. घर जोडघर, एक भिंत सामाईक. चौथ्या दिवशी शेजारीण दारात आली. तिची दीड वर्षाची मुलगी निजते त्या खोलीत वास भरला होता. ती भांडली नाही. हे किती दिवस चालणार, एवढेच तिने विचारले. मला रात्रभर झोप नाही. अलिबागकडे आमच्या गावात बोंबील वाळत, तेव्हा वास साऱ्या गावाला यायचा, पण बोंबीलही साऱ्या गावाचेच असत. इथे झाड एकाचे आणि वास दुसऱ्याच्या पाळण्यापाशी.

पुढच्या हंगामाआधी मी प्लायवूडची पेटी केली: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. आत फांद्या टांगायला तारा, दाराला रबरी पट्टी आणि घरात नातू असल्याने कडी-कुलूप. पहिल्यांदा मी चूक केली. पंखा खाली बसवून हवा आत ढकलली. आत दाब वाढला आणि दोन सुतांच्या फटीतूनही वास बाहेर येऊ लागला. पंखा वर नेला, हवा बाहेर ओढणारा केला, आणि त्याच्या अलीकडे सक्रिय कोळशाचा फिल्टर जोडला. आता आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. फट राहिलीच तर तिथून हवा आत जाते, बाहेर येत नाही. तपासायला उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्यापाशी धरली. धूर आत ओढला गेला, तेव्हा काम झाले असे मानले.

हा कोळसा चुलीतला नव्हे. बहुधा नारळाच्या करवंटीपासून करतात. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. वासाचे रेणू त्यावर चिकटून राहतात. उदबत्ती किंवा सुगंधी फवारा हा उपाय नाही. दोन वास एकत्र होतात, एवढेच. हवा फार दमट असली की कोळशाचीही ताकद घटते, आणि ओल्या झाडाच्या वजनात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असते. म्हणून पेटी तळघरात नव्हे, कोरड्या खोलीत ठेवली. आत अंधार, 18 ते 20 अंश तापमान, 55 ते 60 टक्के आर्द्रता. पंख्याचा झोत थेट मालावर नको. घाईने उष्णता दिली तर वरून कुरकुरीत आणि आतून ओले राहते, मग बुरशी धरते. बारीक काडी वाकण्याऐवजी मोडली की वाळले समजायचे. आम्हाला बारा दिवस लागले. फिल्टर कायमचा नसतो. वास परत जाणवू लागला की बदलायचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी यातले काही करू नये. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार हे झाड विनापरवाना लावणे गुन्हा आहे. कॅनडातूनही ते देशाबाहेर नेता येत नाही, थोडेसेसुद्धा. मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी परतताना आपल्या बॅगा आपणच भराव्यात.

पण ज्यांची मुले तिकडे कायद्याने हे करतात, त्यांनी मुलांना एवढे जरूर विचारावे, की भिंतीपलीकडे कोण राहते? गेल्या ऑक्टोबरात मी तिसऱ्या आणि आठव्या दिवशी स्वतः शेजारणीकडे जाऊन आलो. मुलीच्या खोलीत वास नव्हता. कापणीच्या दिवशीचा वास मात्र पेटीने आवरत नाही. म्हणून यंदा ती मुलगी पाळणाघरात असेल त्याच वेळी झाडे कापायची, हे जावयांकडून कबूल करून घेतले आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, किचनर (ओंटारिओ)