बाबांच्या खांद्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "आता तूच सांग यांना." ऑपरेशनला पाच महिने होत नाहीत तोच बाबा मैदानावर पोरांना लेगस्पिन टाकून आले आणि रात्रभर खांदा शेकत बसले. मला रागावता आलं नाही. डोळ्यांपुढे सारखा योहान सांताना येत होता, अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.

त्याच्या नो-हिटरच्या रात्रीचं मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. १ जून २०१२, शुक्रवार. मी क्वीन्समधल्या सिटी फील्डवर होते. त्याच्या न्यूयॉर्क मेट्स संघासमोर आदल्या वर्षीचे विजेते, सेंट लुईस कार्डिनल्स. बाबा, नो-हिटर म्हणजे पिचरने नऊ इनिंगमध्ये सत्तावीस जण बाद होईपर्यंत एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका, द्यायची नाही. वॉक, म्हणजे बाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस, गेले तर चालतात, त्या रात्री पाच गेले. १९६२ पासून ८,०१९ सामने झाले, पण मेट्सच्या एकाही पिचरला हे जमलं नव्हतं.

सांतानाच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन सप्टेंबर २०१० मध्ये झालेलं. २०११ चा अख्खा मोसम घरी. त्याचा चेंज-अप तुम्ही बघायला हवा होता! अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करून चेंडू उरलेल्या बोटांत धरायचा. हात फास्ट चेंडूच्याच वेगाने येतो, चेंडू मात्र मागे रेंगाळतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते. तुमच्या गुगलीचा सख्खा भाऊ.

सहाव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सच्या बेल्ट्रानचा फटका तिसऱ्या बेसच्या रेषेला लागला होता, पण पंचांनी फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, दिला आणि हिट धरली गेली नाही. सातव्यात मेट्सचा माइक बॅक्स्टर, तिथलाच क्वीन्सचा मुलगा, कार्डिनल्सच्या मोलिनाचा झेल घेऊन भिंतीवर आदळला. जमिनीवर पडून होता, पण चेंडू ग्लोव्हमध्येच. त्यानंतर आमच्या रांगेत कुणी 'नो-हिटर' हा शब्द उच्चारेना. सचिन नव्वदीत असला की तुम्ही आम्हाला जागचं हलू द्यायचा नाहीत, अगदी तसं.

पण मी बघत होते ते मेट्सच्या मॅनेजर टेरी कॉलिन्सकडे. खांदा जपायचा म्हणून ११०-११५ चेंडूंच्या पुढे जायचं नाही, असं त्याने ठरवलेलं. आकडा ओलांडला गेला आणि तो सांतानाला थांबवू शकला नाही. १३४ चेंडू झाले, सांतानाच्या आयुष्यातले सर्वांत जास्त. शेवटच्या चेंज-अपवर कार्डिनल्सच्या फ्रीझची बॅट हवेत फिरली, नो-हिटर पूर्ण झाला आणि शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात घट्ट धरला. नंतर पत्रकारांसमोर कॉलिन्सचे डोळे भरून आले होते.

पुढचंही सांगते, लपवत नाही. त्या ऑगस्टनंतर सांताना मोठ्या लीगमध्ये परत खेळला नाही. २०१३ मध्ये त्याच खांद्याचं पुन्हा ऑपरेशन झालं. त्या १३४ चेंडूंमुळेच का, हे कोण सांगणार. मी तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडत होते, थांबव असं एकदाही मनात आलं नाही. आणि तो माझा बापही नव्हता.

म्हणून बाबा, 'टाकू नका' असं मी म्हणणार नाही. पण फिजिओथेरपिस्टला आकडा विचारून घ्या आणि तेवढेच टाका. आई, तू कट्ट्यावर बसून मोज, आणि रोज संध्याकाळी मला कळव.

तुमची,
लेक