चौदा मॅचची मेहनत एका शनिवारी पुसली जाऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये तुमच्या क्रीडा पानावर कधीतरी ‘मार्च मॅडनेस’ची, म्हणजे अमेरिकेतल्या एनसीएए या संस्थेच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेची, चार ओळींची बातमी येते, अमुक छोट्या कॉलेजने तमुक मोठ्या टीमला हरवलं अशी. वाचून छान वाटतं, पण ते छोटं कॉलेज तिथवर पोचलं कसं आणि त्याच्या आधी कोण घरी बसलं हे त्यात कधीच नसतं, म्हणून हे पत्र लिहितेय. आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहतो, प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, आणि मुलगा सहावीत असल्यापासून आम्ही तिथल्या जाडविन जिमला मॅच बघायला जातो, त्यामुळे मी बोलणार ते आयव्ही लीगच्या मुलांच्या बास्केटबॉलबद्दलच.

या लीगमध्ये आठ युनिव्हर्सिटी, प्रिन्स्टन त्यातली एक, प्रत्येकीने प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या कोर्टवर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे चौदा मॅच. खेळासाठी स्कॉलरशिप इथे देतच नाहीत, पोरं अभ्यास सांभाळून खेळतात. बरीच वर्षं पद्धत अशी होती की बाहेरून आलेल्या टीमने शुक्रवारी रात्री फिलाडेल्फियात पेनशी, म्हणजे पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीशी, खेळायचं, तिथून बसने निघायचं आणि शनिवारी प्रिन्स्टनला परत कोर्टवर उभं राहायचं. एका शनिवारी मॅचच्या आधी आम्ही अगदी खाली बसलो होतो, तर डार्टमथचा एक पोरगा बाकावर गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून बसलेला, शेजारी बॅग अर्धी उघडी आणि त्यातून केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक डोकावतंय, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेलं. मॅच सुरू झाली तसा बर्फ काढून उतरला आणि पूर्ण वेळ पळाला. बाहेर स्नो पडत होता, हॉल अर्धासुद्धा भरलेला नव्हता, तरी खेळले जीव तोडून, कारण तेव्हा प्रत्येक मॅच मोजली जायची.

2016 पर्यंत नियम सरळ होता. चौदा मॅचनंतर जो वर तो चॅम्पियन, आणि एनसीएए स्पर्धेची आयव्हीची जागा त्याची. दोघं बरोबरीत असले तरच एक जादा निर्णायक मॅच, म्हणजे प्लेऑफ. 2011 मध्ये प्रिन्स्टनच्या डग डेव्हिसने शेवटच्या क्षणी बास्केट टाकून हार्वर्डला 63-62 हरवलं तेव्हा आमच्या घरात मुलगा सोफ्यावरून उडी मारून खाली पडला होता. 2015 मध्ये हार्वर्ड आणि येल असेच बरोबरीत आले आणि हार्वर्ड 53-51 ने जिंकलं. अशा प्लेऑफला माझी काहीच हरकत नाही, तो गरज पडली म्हणून खेळलेला असतो.

2017 पासून पहिल्या चार टीमची स्पर्धा सुरू झाली, सेमीफायनल आणि फायनल, जिंकेल तो एनसीएएला जाणार. पहिल्याच वर्षी काय झालं बघा. प्रिन्स्टन चौदापैकी चौदा जिंकून आलेलं, आणि समोर 6-8, म्हणजे सहा जीत आणि आठ हार, असं कसंबसं चौथं आलेलं पेन, आणि मॅच कुठे, तर पॅलेस्ट्रावर, म्हणजे पेनच्या स्वतःच्या घरी! ओव्हरटाइमपर्यंत गेली ती मॅच. प्रिन्स्टन 72-64 ने सुटलं, पण एक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर संपलंच होतं.

2024 ला मात्र नाही सुटलं. प्रिन्स्टन लीगमध्ये 12-2, एकूण 24-3, केडन पिअर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि कोलंबियाच्या लेव्हिन जिममध्ये शनिवारी सेमीफायनलला ब्राउनकडून 90-81 हार. अख्खा सीझन गेला. मुलगा आता सिएटलला नोकरीला आहे, त्याचा फोन आला आणि दोघंही बराच वेळ काही बोललोच नाही.

आता ब्राउनची बाजू मला दिसत नाही असं नाही हं. ते पोरगे शेवटच्या सलग सहा मॅच जिंकून चौथे आले होते, त्यांचं कॉलेज 1986 नंतर एनसीएएला गेलेलं नाही, आणि रविवारच्या फायनलला शेवटच्या अर्ध्या मिनिटात सहा पॉइंटने पुढे असताना येलच्या मॅट नोलिंगने वेळ संपता संपता बास्केट टाकलं आणि मॅच 62-61 ने गेली. त्यांच्यासाठीही जीव तुटला. पुढे त्याच येलने एनसीएएत ऑबर्नला 78-76 हरवलं. आणि 2023 ला खुद्द प्रिन्स्टन याच स्पर्धेतून एनसीएएला जाऊन ॲरिझोनाला 59-55 हरवून आलं, तेव्हा आमच्याकडे शेजाऱ्यांना बोलावून श्रीखंड-पुरी झाली होती. हे सगळं खरं आहे. पण आयव्हीला एकच जागा मिळते, ती दोन महिने राबणाऱ्याला मिळावी की दोन दिवस चांगले गेलेल्याला, एवढाच माझा मुद्दा आहे.

मला हे एवढं का लागतं तेही सांगते. मी नागपूरला कॉलेजात खेळायचे. इंटर-युनिव्हर्सिटीला रात्रभर जनरल डब्यात बसून गेलो, पहिलीच मॅच हरलो, संध्याकाळी परतीची गाडी. वर्षभर पहाटे पाचला उठून केलेली प्रॅक्टिस चाळीस मिनिटांत संपली. त्यामुळे इथे चौदा मॅचची लीग पहिल्यांदा बघितली तेव्हा खरंच हेवा वाटला होता, एक दिवस वाईट गेला तर पुढच्या शुक्रवारी भरून काढता येतो.

स्पर्धा बंद होईल असं काही वाटत नाही. मग निदान ती दरवर्षी वेगळ्या कॅम्पसवर फिरवण्याऐवजी पहिल्या आलेल्या टीमच्या कोर्टवर तरी खेळवा, पेट्रियट लीग आणि अमेरिका ईस्ट या दुसऱ्या कॉलेज लीगमध्ये वरच्या टीमच्या घरीच मॅच होते, तिथे कुणाचं काही अडलेलं नाही. आणि तुम्हाला विनंती एवढीच की फेब्रुवारीत कधीतरी आयव्हीचा हार-जीतचा तक्ता पानाच्या कोपऱ्यात छापा, आमच्यासारखी इथली मराठी घरं तो कापून फ्रिजवर लावतील.

आपली वाचक,
प्लेन्सबरो, न्यू जर्सी