नाईक यशवंत घाडगे यांचा गणवेश खाकीच हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात नुकतेच सैनिकांच्या छोट्या मूर्तींचे प्रदर्शन भरले होते. त्यात व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांची बोटभर मूर्ती होती. घडण उत्तम, चेहऱ्यावर आवेश. पण अंगात २०२२ साली आलेला आजच्या लष्कराचा ठिपक्यांचा गणवेश, दंडावर तीन फिती आणि पायाखाली बर्फ! मला तिथून हलवेना. संयोजकांशी बोलले, तर उत्तर मिळाले, "बाई, सैनिक आहे हे कळले म्हणजे झाले."

नाही झाले. माणगाव तालुक्यातले घाडगे दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. ऐन उन्हाळा होता, बर्फ कुठला? ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक. नाईकाच्या दंडावर दोन फिती; तिसरी चढवली की तो हवालदार झाला. तुकडीतले सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावले. हातगोळ्याने गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या. वय २२. त्यांचा देह मिळाला नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेले आहे. तिकडे मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभे राहिले. त्यांच्याच रायगड जिल्ह्यात त्यांच्या अंगावरचा कपडा चुकावा, याचे मला फार वाईट वाटते.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे आणि गेली अकरा वर्षे अशा ५४ मिलिमीटरच्या मूर्ती करते. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, मग प्रायमर आणि अॅक्रिलिक. सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांपासून झाली. मावळ्यांना ठरीव गणवेश नव्हता, तिथे रंगाची थोडी मोकळीक घेता येते. १९४४ च्या सैनिकाला ती नाही, कारण त्याचा पट्टा न् पट्टा माहीत आहे: पसरट काठाचा लोखंडी टोप, सुती खाकी शर्ट, छातीवर दोन मोठे कॅनव्हासचे पाऊच, काळे बूट. पाऊच आणि पट्टे शर्टाच्याच रंगात रंगवले की मूर्तीवर ते दिसेनासे होतात. नेमकी तीच चूक पुष्कळदा होते.

सर्वांत अवघड ती खाकीच. त्या काळचे फोटो काळे-पांढरे, त्यांतून रंग कळत नाही. माझे आजोबा याच रेजिमेंटमधून इटलीला गेले होते. त्यांचा शर्ट आईने ट्रंकेत जपला होता. वरून तो धुऊन-धुऊन जवळजवळ साईच्या रंगाचा झालाय. पण खिशाची झाकणी उचलली आणि खाली मूळ रंग सापडला, पिवळसर मातीसारखा. त्या बोटभर कापडाशी मी खिडकीच्या उजेडात रंग जुळवते (ट्यूबलाइटखाली तो हिरवट भासतो): पिवळा ऑकर, पांढरा, किंचित अंबर हा मातकट तपकिरी. घड्यांत पातळ तपकिरी सोडायचा, खांद्यांवर आणि गुडघ्यांवर कोरड्या ब्रशने फिका हात फिरवायचा, कारण उन्हाने आणि धुण्याने कापड तिथेच आधी विटते. फितींना तीन शून्याचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश लागतो आणि श्वास रोखावा लागतो.

संयोजकांना माझी विनंती आहे की ती मूर्ती काढून टाकू नका, पुन्हा रंगवून घ्या. रंग आणि श्रम माझे.

आणि रायगड, सातारा, रत्नागिरीतल्या वाचकांना आणखी एक सांगणे. घरात पलटणीतल्या आजोबा-पणजोबांचा जुना कपडा असेल तर तो भांडेवालीला देऊ नका, आणि कृपया धुऊही नका. कॉलरची आतली बाजू, खिशाची झाकणी आणि शिवणीतली घडी दिवसाच्या उजेडात उलगडून बघा आणि जमल्यास शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, महाड