जलनेतीच्या पाण्याबाबत सूचना

सकाळच्या योगवर्गाच्या सर्व सभासदांना, कोथरूड

रविवारी जलनेती (एका नाकपुडीतून मिठाचं पाणी सोडून दुसरीतून काढणं) आहे. लोटा आणि मीठ नेहमीप्रमाणे आपापलं आणावं. पाणी मात्र घरूनच उकळून, निववून, झाकणाच्या स्वच्छ बाटलीत आणावं. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट गॅस चालू ठेवा.

केरळमधल्या मेंदूच्या अमीबाच्या बातम्या वाचून काहींनी विचारलं म्हणून लिहितो. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि ४६ अंशांपर्यंतची उष्णता सोसतो. पाणी प्यायल्याने तो बाधत नाही. नाकात गेलं तर वासाच्या नसेवाटे थेट मेंदू गाठतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे याच आजाराने दगावले होते. आजार अतिशय विरळ आहे, पण झाला तर वाचणारे फार थोडे.

सोलरचं पाणी हाताला चटका देत असलं तरी ते उकळलेलं नव्हे! उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं कोमट पाणीही तसंच. ‘आमच्याकडे फिल्टर आहे’ हे उत्तरही चालणार नाही.

सुट्टीत नातवंडं गावच्या विहिरीत किंवा तळ्यात डुंबणार असतील तर नाकाला क्लिप लावा, तळाचा गाळ ढवळू देऊ नका. त्यानंतर बारा-एक दिवसांत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पोहल्याचं किंवा नेती केल्याचं आपणहून सांगा.

उकळलेलं पाणी नसेल त्यांनी रविवारी फक्त प्राणायामाला बसावं.

– वर्ग संयोजक